दोन मामा, एक भाचा आणि कलम १८९

गेल्या डिसेंबरात नात्यातल्या एका लग्नाहून रात्री परतत असताना मला आणि माझ्या भाच्याला शहराच्या वेशीवरच्या नाकाबंदीत थांबवण्यात आले. आम्ही दोघे दोन मोटारसायकलींवर होतो. माझी गाडी म्हणजे तीस वर्षांपूर्वीची आरएक्स हंड्रेड, जिची नोंदणी मी दर पाच वर्षांनी आरटीओत खेटे घालून वाढवून घेतो. भाच्याची दोनशे सीसीची, दोन वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेली. रस्ता मोकळा होता आणि चहाला कुठे थांबायचे हे ठरवण्यासाठी आम्ही अर्धा मिनिट गाड्या शेजारीशेजारी आणल्या होत्या. हवालदारांनी बॅटरीचा झोत आधी माझ्या तोंडावर टाकला, मग भाच्याच्या, आणि विचारले, “काय हो, रेस लावलीय का?” भाचा घाबरून म्हणाला, “नाही मामा.” तो मला उद्देशून बोलला की त्यांना, हे मला आजही ठाऊक नाही, कारण वाहतूक पोलिसाला मामा म्हणण्याची आपल्याकडची रीत तोही पाळतो, हवालदारांनी मात्र ते स्वतःला लावून घेतले आणि प्रकरण तिथून बिघडत गेले.

पुढच्या अर्ध्या तासात आमच्यावरचा आरोप दोनदा बदलला. पहिला आरोप शर्यतीचा : कलम १८९ लागेल, दोघांवर केस होईल, गाड्या जमा होतील, लायसन्स जाईल. आमचा वेग कशावर मोजला, असे मी शक्य तितक्या नम्रपणे विचारले, कारण तिथे स्पीडगन दिसत नव्हती. “आवाजावरून कळतं,” असे उत्तर मिळाले. माझ्या गाडीचे टू-स्ट्रोक इंजिन ताशी चाळीसलाही ऐंशीसारखे ओरडते हे मी सांगू लागलो, तेव्हा त्याच आवाजाचा दुसरा आरोप झाला आणि तो भाच्याच्या सायलेन्सरवर येऊन बसला. सायलेन्सर कंपनीचाच होता, बुलेटवाले बसवतात तसला इंदोरी फटाका नव्हता, आणि आवाज मोजण्याचे यंत्रही तिथे नव्हते. शेवटी हवालदारांच्या लक्षात आले की भाच्याच्या गाडीला डावीकडचा आरसाच नाही. तो खरोखरच नव्हता. पार्किंगमध्ये तुटला होता आणि या पठ्ठ्याने तीन महिने तो बसवून घेतला नव्हता. त्याबद्दल मी तेव्हा वाद घातला नाही आणि आताही घालणार नाही. पाचशे रुपयांचे चलान मशीनमधून बाहेर आले. तीन महिन्यांच्या तुरुंगापासून सुरू झालेली बोलणी अशा रीतीने एका आरशावर मिटली. चिरीमिरी कुणी मागितली नाही, हेही इथे नोंदवून ठेवणे मला न्यायाचे वाटते.

ही बोलणी चालू असतानाच नंबरप्लेट नसलेल्या तीन मोटारसायकली नाकाबंदीच्या कठड्यांमधून वाकडे कट मारत निघून गेल्या. त्या इतक्या जवळून गेल्या की हवालदारांनी माझ्या भाच्याला दंडाला धरून मागे ओढले. मी विचारले, “साहेब, यांना का नाही अडवत?” ते म्हणाले, “आडवे गेलो तर अंगावर घालतात. मागच्या महिन्यात आमच्यातल्या एकाचा पाय मोडला.” त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, थकवा होता. त्या क्षणी माझा राग त्यांच्यावरून उतरला, पण तो नाहीसा झाला नाही, कारण आम्हाला का पकडले याचे उत्तर मला मिळाले होते : हात दाखवल्यावर आम्ही थांबलो होतो.

घरी आल्यावर दोन रात्री बसून मी मोटार वाहन कायदा वाचून काढला. १९८८ च्या या कायद्यातले कलम १८९ अगदी त्रोटक आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहनांची ‘कोणत्याही प्रकारची’ शर्यत किंवा वेगाची चाचणी जो होऊ देतो किंवा तिच्यात भाग घेतो, तो गुन्हेगार. शर्यत म्हणजे काय, हे मात्र कलम सांगत नाही. त्यात वेगाचा आकडा नाही, किती वाहने असावीत हे नाही, आधी पैज किंवा ठराव झालेला असला पाहिजे अशी अट नाही. दोन गाड्या काही अंतर शेजारीशेजारी धावल्या की शर्यत झाली, की सिग्नलला एकमेकांकडे बघून इंजिन पिळले तेव्हाच झाली, की कुणीतरी एक पुढे गेल्यावर झाली, हे ठरवण्याचे काम कायद्याने रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंदाजावर सोडले आहे. शिक्षा मात्र अंदाजे नाही. २०१९ पर्यंत ती एक महिन्यापर्यंतची कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, अशी होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती तीन महिने आणि पाच हजारांपर्यंत नेली, आणि दुसऱ्यांदा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये. दंड दहापट झाला, कैद तिप्पट झाली आणि गुन्ह्याची व्याख्या होती तिथेच राहिली, ही माझी या कलमाविषयीची पहिली तक्रार.

दुसरी तक्रार कलम २०६ विषयी आहे. २०१९ मध्येच त्यात एक पोटकलम घातले गेले, ज्यानुसार ठरावीक गुन्हे घडले असे मानण्यास कारण असेल तर पोलीस चालकाचे लायसन्स ताब्यात घेऊन पुढील कारवाईसाठी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवतात. या गुन्ह्यांच्या यादीत अतिवेग आहे, दारू पिऊन चालवणे आहे, शर्यत आहे आणि त्याच ओळीत हेल्मेट न घालणेही आहे. हेल्मेट घालावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुण्यात हेल्मेटसक्तीविरोधात वर्षानुवर्षे चाललेली आंदोलने मला कधीच पटली नाहीत. परंतु दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारा आणि फक्त स्वतःचे डोके धोक्यात घालणारा यांना एकाच पंगतीला बसवले की पोलीसही साहजिकच त्यातला सोपा पाहुणा आधी वाढून घेतात. हेल्मेट नसलेले डोके लांबूनच दिसते. शर्यत सिद्ध करावी लागते.

गंमत अशी की शर्यत करणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार याच कायद्याचे कलम २०२ देत नाही. तो धोकादायक पद्धतीने वाहन चालवणे, दारू पिऊन चालवणे आणि संमतीशिवाय दुसऱ्याचे वाहन नेणे एवढ्यांपुरता आहे. वाहन अडकवून ठेवण्याविषयीचे कलम २०७ हेही लायसन्स, नोंदणी आणि परमिट यांच्याशी निगडित आहे. म्हणून पोलिसांना शर्यतीची कारवाई करायची झाली की १८९ सोबत धोकादायक ड्रायव्हिंगचे १८४ आणि भारतीय न्याय संहितेतले बेदरकारपणाचे २८१, जे पूर्वी भारतीय दंड संहितेत २७९ होते, अशी जोडाजोड करावी लागते. नाकाबंदीत ‘गाड्या जमा होतील’ असे आम्हाला सांगितले गेले, ते कुठल्या कलमाखाली, हा प्रश्न त्या रात्री मला सुचला नाही. गाडीची चावी काढून घेण्याचा अधिकार तर मला कुठल्याच कलमात सापडला नाही, तरीही ती आधी काढली जाते आणि संवाद नंतर सुरू होतो, हा अनुभव महाराष्ट्रातल्या बहुतेक दुचाकीस्वारांना असेल.

खऱ्या शर्यती होतात, हे मी नाकारत नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातले रुंद रस्ते आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग रात्री उशिरा कुणासाठी मोकळे असतात, हे तिथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी ब्रीच कँडी भागातल्या रहिवाशांनी रात्री धावणाऱ्या महागड्या मोटारींच्या आवाजाच्या तक्रारी केल्या. त्या मार्गावर दुचाकींना मुळात प्रवेशच नाही, तेव्हा हे उद्योग आरएक्स हंड्रेडवाल्यांचे नाहीत एवढे तरी मान्य व्हावे. पैजा लावून रस्त्यावर गाड्या पळवणाऱ्यांना कायद्याने धरावे आणि चांगलेच धरावे. माझे म्हणणे एवढेच आहे की धरण्याची आपली रीत अशी आहे की ते हातातून निसटतात आणि भलतेच हाती लागतात.

कॅमेरे आले तेव्हा मला वाटले होते की आता हा प्रश्न सुटेल, कारण कॅमेऱ्याला कुणाच्या आडवे जावे लागत नाही आणि त्याचा पायही मोडत नाही. पण पोलिसाला थांबणारा माणूस लागतो, तशी कॅमेऱ्याला नंबरप्लेट लागते. जो प्लेट काढून ठेवतो, वाकवतो किंवा तिच्यावर चिखल फासतो, त्याच्यासाठी कॅमेरा आंधळा आहे. जो ती स्वच्छ पुसून लावतो त्याच्यावर मात्र कॅमेऱ्याची नजर असते, कधीकधी तर नको तितकी. २०२३ मध्ये माझ्या पत्नीच्या स्कूटरवर सिग्नल तोडल्याचे एक चलान आले. ज्या शहरातले ते होते तिथे ती स्कूटर कधी गेलीच नव्हती. फोटो उघडून पाहिला, तर रंग वेगळा, कंपनी वेगळी, चालवणारा अनोळखी आणि पायाशी गॅसचा भरलेला सिलिंडर. नंबरातला एक ३ यंत्राने ८ वाचला होता. पत्नी म्हणाली, “दंड आपण भरायचा असेल, तर निदान सिलिंडर तरी आपल्याकडे पोहोचवायला सांगा.” मी तक्रार नोंदवली, आमच्या स्कूटरचे चारही बाजूंचे फोटो जोडले, आणि पुढे कित्येक आठवडे ती ‘प्रक्रियेत’ राहिली. चलान अखेर रद्द झाले, परंतु मधल्या काळात लोकअदालतीची नोटीस मोबाइलवर येऊन गेली. लोकअदालतीत काय होते, याची चौकशी केली तेव्हा कळले की तिथे तडजोड होते. ज्याने गुन्हा केला आहे त्याला तडजोड सोयीची असते. ज्याने केलाच नाही त्याने कशाशी तडजोड करायची? आणि रीतसर न्यायालयात जायचे म्हटले, तर पाचशे रुपयांसाठी दिवसाची मजुरी, प्रवास आणि वकील. हे गणित मांडून बहुतेक लोक निमूटपणे पैसे भरतात, आणि मग कागदोपत्री त्यांनी गुन्हा मान्य केलेला असतो.

वास्तविक यासाठी नियम चांगले केलेले आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७अ हा नियम समाविष्ट झाला. त्यात उपकरणांना प्रमाणपत्र असावे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, कॅमेरा असलेल्या ठिकाणी लोकांना दिसेल असा सूचनाफलक असावा, चलानासोबत नंबरप्लेट दिसणारा फोटो आणि उपकरणाने केलेले मोजमाप असावे, आणि गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस जावी, असे म्हटले होते. स्पीडगन, सीसीटीव्ही, अंगावरचा कॅमेरा, डॅशबोर्डवरचा कॅमेरा ही नावे त्यात आहेत. पोलिसाच्या खिशातल्या खासगी मोबाइलचे नाव नाही. तरीही चौकातल्या झाडामागून खासगी मोबाइलवर फोटो काढून ते सवडीने यंत्रात भरण्याची पद्धत इतकी रुळली की जुलै २०२५ मध्ये वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांना परिपत्रक काढून ती थांबवण्यास सांगावे लागले. चालकांची तक्रार खोटी होती असे म्हणणाऱ्यांनी ते परिपत्रक वाचावे.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानविरोधात संप पुकारला होता. माझ्या ओळखीचे एक ट्रकमालक त्यात होते. त्यांचे म्हणणे साधे होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली. घाटात अवजड वाहनांना तेव्हा ताशी चाळीसची मर्यादा होती. भरलेला ट्रक उतारावर बेचाळीस-पंचेचाळीसला गेला की दंड, आणि एका फेरीत तो एकापेक्षा अधिक कॅमेऱ्यांखालून जातो. मालकाला हे कळते ते मोबाइलवर, तोवर ड्रायव्हर दुसऱ्या भाड्यावर गेलेला असतो. मर्यादा कशासाठी आहे, हे मला समजते. त्या उतारावर ब्रेक फेल होऊन झालेले अपघात आपण सर्वांनी वाचले आहेत. पण मर्यादेपेक्षा चार किलोमीटर जास्त जाणारा आणि चाळीस किलोमीटर जास्त जाणारा यांच्यातला फरक यंत्राला कळत नसेल, तर तो कळणारा माणूस त्या यंत्रामागे कुठेतरी बसलेला असला पाहिजे. रस्त्यावरच्या हवालदाराच्या अंदाजाला मी वर नावे ठेवली आणि इथे माणूस मागतो आहे, ही विसंगती माझ्या लक्षात आली आहे. मला माणसाचा विवेक हवा आहे, पण लेखी आणि उत्तरदायी.

या सगळ्याच्या पार्श्वभूमीवर १९ मे २०२४ ची पुण्यातली कल्याणीनगरची घटना आठवली की अजूनही संताप येतो. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे मोटारीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि बाल न्याय मंडळाने जामिनाच्या अटींमध्ये त्याला अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्या निबंधाची चर्चा देशभर झाली. मला मात्र दुसरी गोष्ट अधिक बोचली. त्या मोटारीची कायम नोंदणीच झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपयांचे शुल्क भरायचे राहिले होते. मार्चपासून हे प्रकरण रेंगाळले होते आणि मोटार नंबरप्लेटशिवाय रस्त्यावर फिरत होती. जिथे स्कूटरचे पुढचे चाक झेब्रा पट्ट्यावर वीतभर आले तरी चलान येते, त्या राज्यात इतकी महागडी आणि लांबून ओळखू येणारी मोटार प्लेटशिवाय फिरते आणि तिला कुणीच थांबवत नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड सांगणारे कलम १९९अ त्याआधी जवळपास पाच वर्षांपासून कायद्यात होते.

वाढीव दंडाचा इतिहासही आपल्याकडे मजेदार आहे. सुधारित कायदा १ सप्टेंबर २०१९ पासून देशात लागू झाला, तो आणणारे केंद्रीय मंत्री नागपूरचे, आणि तरी महाराष्ट्र सरकारने विधानसभेची निवडणूक तोंडावर असल्याने तो दंड आपल्याकडे लावायचे टाळले. दोन वर्षांहून अधिक काळ जुने दर चालले आणि डिसेंबर २०२१ मध्ये नवे आले. त्याच डिसेंबरात, १६ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली, आणि पुढे १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा त्याविषयीचा कायदा वैध ठरवला. हे इथे सांगायचे कारण असे की माझ्या आजोळी बैलगाड्याचा घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, आहे. २०१४ च्या बंदीनंतरही शर्यती चोरून व्हायच्या, पहाटे, माळावर, पोलिसांची जीप दिसली की पळापळ. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, रुग्णवाहिका, बारीची, म्हणजे एकेका धावेची, वेळ, घड्याळ हे सगळे रीतसर असते. शर्यतीची हौस बंदीने मेली नाही, पण तिला घाट मिळाल्यावर ती रस्त्यावरून तरी हटली.

मोटारींच्या शर्यतीसाठी मात्र आपण असा घाट बांधलेला नाही. कायद्यात ‘राज्य सरकारची लेखी संमती’ हे शब्द आहेत, म्हणजे वाट बंद नाही. पण त्या वाटेने सामान्य मुलाने जायचे कुठे? सर्किट म्हणावे असे ट्रॅक चेन्नईजवळ, कोइमतूरला आणि ग्रेटर नोएडाला. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती, म्हणजे सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यती, होत आल्या आहेत, पण त्या वर्षातून मोजक्या दिवशी आणि प्रवेशशुल्क परवडणाऱ्यांसाठी. कोल्हापूरला कार्टिंगचा चांगला ट्रॅक आहे आणि त्या शहराला शर्यतीचा नाद जुनाच आहे. भाचा तिथे एकदा जाऊन आला आणि पुढचा महिनाभर घरात फक्त त्याचेच बोलणे चालले होते. प्रत्येक विभागात एक-दोन किलोमीटरची जुनी धावपट्टी किंवा एखाद्या औद्योगिक वसाहतीतला पडून राहिलेला रस्ता महिन्यातून दोन रविवारी, हेल्मेट आणि रुग्णवाहिकेच्या अटीवर खुला केला, तर रात्रीच्या शर्यती संपतील असा माझा दावा नाही. ज्यांना बघे आणि पैज हवी असते ते तिथे येणारच नाहीत. पण जी मुले केवळ वेगासाठी रस्त्यावर उतरतात ती तरी वेगळी काढता येतील, आणि मग उरलेल्यांना पकडताना कुणाच्या मनात शंका राहणार नाही.

आरशाचे चलान भाच्याने दुसऱ्याच दिवशी भरले आणि आरसाही बसवला, तो तीनशे वीस रुपयांना पडला. त्या रात्रीपासून मात्र आम्ही दोघांनी एक नियम केला आहे : गाड्या कधीही शेजारीशेजारी आणायच्या नाहीत, मध्ये शंभर फूट अंतर ठेवायचे. परवा पुन्हा त्याच रस्त्याने परतत होतो. तो पुढे, मी मागे. चहाला थांबायचे ठरले होते, पण कुठे ते बोलायचे राहून गेले होते. समोरून एक ट्रक आला, तेवढ्यात तो कुठल्याशा टपरीवर वळला आणि मी त्याला शोधत तसाच तीन किलोमीटर पुढे निघून गेलो. परत आलो तेव्हा तो दुसरा चहा संपवत होता, आणि माझा पहिला बाकावर गार झालेला होता.